दादांची दाढी मीच करते

प्रिय वन्सं,

सगळ्यात आधी आला तो दाढीवाला. आता तुम्हीच सांगा, दाढी कशी करावी हे शिकवायला जी माणसं आपण होऊन दारात येतात, त्यांतल्या पहिल्याच माणसाची दाढी छातीपर्यंत लोंबत असावी, याला काय म्हणायचं? मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस, आणि आत न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर तुमचे दादा अर्धे झालेले. (म्हणजे आमचे हे. तुम्हाला लिहिताना मी त्यांना तुमचे दादाच म्हणते, तेवढाच त्यांचा मान राहतो.) डावा गाल झाला होता, उजवा फेसाखाली वाट बघत होता. मला वाटलं, विजेचा मीटर बघायला कोणी आला असेल, म्हणून म्हटलं, मीटर जिन्याखाली आहे. तर म्हणतो कसा, "आजी, मी वस्तरा बघायला आलोय." घ्या! ओळख ना पाळख, एवढा थोरला गडी, भरसकाळी दारात उभा राहून म्हातारीकडे वस्तरा मागतोय. मी दार लोटूनच घेणार होते, तेवढ्यात त्याच्या काखेखालून आपला नातजावई दिसला, मधल्या नातीचा नवरा, आणि त्याच्या मागे एक लुकडा, हातात डॉक्टरांची असते तशी पेटी घेऊन. तो निघाला दातांचा डॉक्टर. म्हटलं, बाई गं, दाढीवाला, दातवाला आणि जावई, तिघं मिळून आता कोणाचं काय काढणार आहेत!

हो, पण नमस्कार राहिलाच की. वन्सं, तुम्हाला माझा नमस्कार आणि आशीर्वाद. नात्यानं तुम्ही मानाच्या आणि वयानं धाकट्या, तेव्हा दोन्हीतलं काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? चालताना आवाज यायचा तो थांबला का? (माझ्या दोन्ही गुडघ्यांचा येतो. आवाज येतोय तोवर ते चालतायत, असं मी धरून चालते.) तुमच्या यजमानांचा खोकला बरा असेल. त्यांना म्हणावं, आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे जे दुखत होतं तेच दुखतंय, नवीन काही निघालेलं नाही. मी मात्र थकलेय हो. हे पत्र सकाळपासून तुकड्यातुकड्यानं लिहितेय, एक ओळ भांड्यांच्या आधी, एक भांड्यांच्या नंतर. त्यामुळे अक्षर मध्येच बदलेल, घाबरू नका, बाई तीच आहे. शाळा माझी पाटीवरच संपली हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जिथे अडेल तिथे लावून घ्या.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, वहिनीनं नेहमीसारखं मधूनच सुरू केलं. दुखण्यातून उठल्यापासून तुमच्या दादांचा उजवा हात थरथरतो, ते तुम्ही येऊन पाहून गेलाच. ज्या माणसानं जन्मभर वजनमाप खात्यात निरीक्षकाचं काम केलं, ज्याच्यासमोर तराजूचा काटा केसभर हलला तरी दुकानदाराला घाम फुटायचा, त्याच्या स्वतःच्या हाताचा काटा हलायला लागला, ते त्यांना सोसेना. चहा सांडला तर कप वाकडा, बटण लागेना तर शिंपी गाढव. आणि दाढी तर काय विचारता! रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून आत युद्ध चालायचं आणि बाहेर यायचे ते तोंडभर कागदाचे कपटे चिकटवून. रक्त थांबावं म्हणून हो. जेवायला बसले की वाटायचं, कोणीतरी यांना पावत्या लावून ठेवलंय. मी काही बोलले तर म्हणायचे, "पातं खराब आहे." पातं बदललं तर म्हणायचे, "उजेड खराब आहे."

मग कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये पाठवलं. अर्ध्या तासात परत आले, दाढी झालेली, पण चेहरा असा की कोणी फसवून सही घेतलीय. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "तो माणूस अखंड बोलत होता, सगळं चुकीचं बोलत होता, आणि माझ्या गळ्यावर पातं होतं म्हणून मला एकही चूक दुरुस्त करता आली नाही." परत जायचं नाव नाही. मग मुलानं विजेवर चालणारं दाढीचं मशीन पाठवलं. ते सुरू केलं की गांधीलमाशी कानाशी आल्यासारखं गुणगुणतं. यांनी एकदा गालाला लावलं आणि मशीन माझ्या हातात दिलं. ते वाया गेलेलं नाही बरं का. लोकरीच्या स्वेटरवर ज्या गोळ्या येतात ना, त्या त्यानं इतक्या झकास निघतात की काय सांगू. तुमचे जुने स्वेटर असतील तर पाठवा, नव्यासारखे करून देते. पण मुलाला कळवू नका, तो मला फोनवर विचारतो, "मशीन वापरता ना?" आणि मी खरं तेच सांगते, "रोज."

तर वन्सं, सलूनवाल्याचं ते ऐकलं तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. मशीनही फसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हटलं, बसा स्टुलावर, आजपासून मी करणार. तुमचे दादा म्हणाले, "लग्नात मी तुला हात दिला होता, गळा नाही." मी म्हटलं, हात थरथरतोय, म्हणून आता गळा मागतेय. बसले शेवटी. बसतील नाहीतर काय करतील!

तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही, कारण तुम्हीही त्या घरात वाढलात. या माणसाबरोबर संसार करून माझे सगळे केस पांढरे झाले, पण माझी एक गोष्ट कधी शेवटाला गेली नाही. मी म्हणायचे, मंगळवारी बाजारात गेले होते, तर हे म्हणायचे, "बुधवारी." मी म्हणायचे, तिथे एक उंच बाई भेटली, तर म्हणायचे, "तुझ्यापुढे सगळेच उंच." मी म्हणायचे, बरं बुधवार, बरं बुटकी, आणि तोवर बाई काय म्हणाली तेच मी विसरून जायचे. माझ्या मावशीच्या होडीची गोष्ट मी लग्न झालं त्या वर्षी सुरू केली होती. मावशी होडीत पाय ठेवते तिथपर्यंतच ती कायम यायची, कारण होडी किती फूट लांब यावर आमचं अडायचं. आणि आता बघा. तोंडाला फेस लागला की माणूस गप्प. तोंड उघडलं तर साबण आत जातो, मान हलवली तर पातं लागतं. मी पहिल्याच दिवशी मावशीला होडीत बसवलं, नदीच्या मध्यापर्यंत नेलं, होडी उलटवली, तिच्या सासऱ्यांच्या पगडीला धरून तिला काठावर आणलं, आणि गोष्ट संपवली. संपवली हो! मला रडूच आलं. यांना वाटलं, कापलं की काय.

तेव्हापासून रोज सकाळी मी बोलते आणि हे ऐकतात. फक्त भुवया मोकळ्या असतात, त्यांनी जेवढा विरोध करता येईल तेवढा करतात. डावी वर गेली की वार चुकला, दोन्ही वर गेल्या की नातं चुकलं. मी तिकडे बघतच नाही, मी हनुवटी बघत असते. फार झालं तर "हं" करतात, तेव्हा फेसाचा एक बुडबुडा येतो आणि फुटतो. सगळी जुनी उणीदुणी काढून झाली. लेकीच्या लग्नात माझ्या भावाला मागच्या रांगेत बसवलं होतं तेही काढलं. (एकदा तुमचाही विषय निघाला होता. वाईट काही नाही. अगदी वाईट असं काही नाही.) तुम्ही हसाल, पण त्या टॉवेलाखाली बसलेला माणूस मला या वयात आवडायला लागलाय.

थकवा येत नाही असं नाही. हे म्हणजे उंच, मी म्हणजे ही एवढी, त्यांना बसवलं तरी मला टाचा वर कराव्या लागतात. दिवस उजाडला की गोळ्या, मग बटणं, मग मोजे, मग चष्मा कुठे ठेवलाय, मग तो नाकावरच आहे हे त्यांना न दुखावता कसं सांगायचं. माझी कंबर संध्याकाळपर्यंत माझी राहत नाही. रोज वाटतं, कोणीतरी येऊन म्हणावं, बाई, तू जरा बस. पण बाकीच्या कामांनी मी नुसती थकते आणि दाढीच्या कामानं थकून जरा मोकळी होते, असं काहीतरी आहे. मला नीट सांगता येत नाही. पाटीवरची शाळा.

बरं, तर ते तिघं. नातजावयाला हल्ली दाढीचा छंद लागलाय. दाढी करायचा, ठेवायचा नव्हे. जुने रेझर, ब्रश, साबणाच्या डब्या हे सगळं जमवायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसून त्यावर बोलायचं, असं त्यांचं एक मंडळ आहे म्हणे. मोठमोठी शिकलेली माणसं हो! मामंजींचा घडीचा वस्तरा आपल्याकडे आहे हे मधलीनं त्याला सांगितलं, म्हणून तो बघायला ही स्वारी आली. मी कपाटातून वस्तरा काढून दिला, तर दाढीवाल्यानं तो दोन्ही हातांत असा घेतला की नुकतंच जन्मलेलं बाळ असावं. गंज होता थोडा. दातवाला म्हणाला, मी साफ करून देतो. मी दाढीवाल्याला सरळ विचारलं, "का रे बाबा, एवढं वेड आहे तर तुझ्या तोंडावर हे काय?" तो लाजून म्हणाला, "आजी, आमच्या हिला आवडते." त्यावर दातवाला म्हणतो, "थापा मारतोय आजी. त्याला हनुवटीच नाहीये, ती लपवलीय." नातजावई हसता हसता खाली बसला.

आणि तुमचे दादा? ते अर्धी दाढी घेऊन टॉवेलासकट बाहेर आले, चिडलेले, उजव्या गालावरचा फेस वाळून पापुद्रे आलेले. मला वाटलं, आता तिघांना जिना दाखवतात. पण दाढीवाल्यानं तो वाळका फेस बोटानं उचलला, उजेडात धरला आणि डोळे मिटून म्हणाला, "आजोबा, हा फेस नाही. हे कपडे धुतल्यानंतरचं पाणी आहे." तुमच्या दादांना माझी चूक काढणारा साक्षीदार मिळाला! लगेच गुपचूप स्टुलावर जाऊन बसले.

मग माझी परीक्षाच झाली, वन्सं. पण पोरं गोड होती, खोटं कशाला बोलू. ब्रश बघितला. त्याला केस तुमच्या दादांच्या डोक्यावर आहेत तेवढेच उरलेत. मी तो रोज उकळत्या पाण्यात बुडवून ठेवत होते, स्वच्छ राहावा म्हणून, तर म्हणे त्यामुळेच केस गळतात. पाणी हाताला सोसेल एवढंच ऊन घ्यायचं, ब्रश थोडा वेळ त्यात भिजू द्यायचा, मग झटकून साबणावर फिरवायचा आणि वेगळ्या वाटीत फेस फेटायचा, थेंब थेंब पाणी घालत, सायीसारखा दाट होईतो. मी आपली सरळ गालावरच साबण घासून वर ब्रश फिरवत होते. आणि रेझर! मी तो दाबत होते, करपलेलं पातेलं खरवडावं तसा. दातवाला म्हणाला, "आजी, दाबायचं नाही, त्याचं त्याचं वजन पुरे आहे, तुम्ही फक्त कातडं ताणून धरा." मी म्हटलं, या कातड्याला ताणायचं म्हणजे कुठून सुरू करू आणि कुठे थांबू? तरी करून बघितलं. वन्सं, रेझर गालावरून असा उतरला जसा काही कोणी बोलावल्यावर चालत आला. आवाजसुद्धा बदलला. आधी खर्र खर्र यायचा, आता वाळक्या पानावरून वारा जातो तसा.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पुढचं जे झालं त्यात थोडा दोष माझा आणि पुष्कळसा शाईचा. दाढीवाला बोटांच्या मागच्या बाजूनं तुमच्या दादांचे गाल चाचपत म्हणाला की केस सगळीकडे एकाच दिशेनं उगवत नाहीत, गालावर खाली, हनुवटीखाली आडवे, मानेवर तर चक्क वर, आणि तिथे एक भोवराही आहे. रोज कापतं ते म्हणूनच. तेव्हा आधी केसांच्या दिशेनं रेझर फिरवायचा, आणि दिशा लक्षात राहत नसेल तर एकदा चेहऱ्यावर बाण काढून घ्यायचे. "आजी, खूण करायला काही आहे का?" मी धावत जाऊन कपाटावरचं काळं पेन आणून दिलं, लाँड्रीत द्यायच्या चादरींवर मी ज्यानं खूण करते ते. त्या पेनाचा मला भारी अभिमान आहे, चादर विरली तरी खूण जात नाही. तेवढं त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

बाण काढले. दोन्ही गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर, भोवऱ्याभोवती तर गोल गोल. मग नातजावयानं कौतुकानं आरसा समोर धरला. मी डोळे मिटून घेतले. तुमच्या दादांनी बराच वेळ आरशात बघितलं आणि म्हणाले, "उजव्या कानाखालचा बाण चुकलाय." घ्या! मग तो बाण खोडला आणि शेजारी बरोबर दिशेचा नवा काढला. म्हणजे शाई आणखी वाढली.

पण दाढी अशी झाली, अशी झाली, की काय सांगू. तीन फेऱ्या करायच्या असतात, वन्सं! आपल्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा फेस लावून केसांच्या दिशेनं, पुन्हा फेस लावून आडवं, पुन्हा फेस लावून उलट्या दिशेनं. आधी माझ्या मनात आलं, अगंबाई, तिप्पट काम, माझ्या कमरेचं काय होणार? आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, तिप्पट फेस म्हणजे तिप्पट गप्प! मी त्या दाढीवाल्याला चहाबरोबर सगळी बिस्किटं देऊन टाकली. शेवटी गार पाणी, तुरटी, आणि गाल असा गुळगुळीत की मी हात फिरवला तो काढवेना. पोरं समोर होती, म्हणून काढला.

बाण मात्र होते तिथेच होते. आधी साबण लावला, मग स्पिरिट, मग खोबरेल तेल, शेवटी दातवाल्यानं पेटीतून दात घासून चकचकीत करायची काहीतरी पेस्ट काढली. भोवतालचं कातडं लाल झालं, त्यामुळे काळे बाण आणखी उठून दिसायला लागले. तिघंही घामाघूम. नातजावई सारखा म्हणत होता, "आजोबा, माफ करा हं." आणि मग त्या गडबडीत, भरपाई म्हणून की काय कोण जाणे, दाढीवाला म्हणाला, "आजोबा, माझ्याकडे एक रेझर आहे, त्याची मूठ जाड आहे आणि जड आहे. हात थरथरत असला तरी जड मुठीनं तो स्थिर राहतो. पुढच्या वेळी तुमच्यासाठी घेऊन येतो. एकदा सवय झाली की तुमची दाढी तुम्हीच कराल. कोणाची गरजच नाही!" आणि माझ्याकडे वळून हसून म्हणाला, "आजी, तुम्ही सुटलात!"

 मी तोंडानं म्हटलं, "सुटले रे बाबा, देव तुझं भलं करो." बाई काय बोलणार? मी जन्मभर म्हणत आले की थकले, थकले, आणि आता कोणीतरी ते खरं धरलं होतं. तुमच्या दादांकडे बघितलं. तर ते आरशातल्या बाणांकडे बघत होते.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीची तारीख होती, तर तिथेही बाण घेऊनच गेलो. मी त्यांना कानापर्यंत मफलर गुंडाळला होता, पण आत गेल्यावर तो काढावा लागला. डॉक्टरीणबाई जवळ येऊन बघत म्हणाल्या, "आजोबा, हे काय आहे?" तुमचे दादा म्हणाले, "वाहतुकीची सोय." त्या बिचारीनं माझ्याकडे असं बघितलं की दुखणं आता डोक्यात चढलंय. मी सगळं समजावलं, म्हणजे दाढीवाल्यापासून सुरू केलं, आणि यांनी प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं, त्यामुळे डोक्यात काही चढलेलं नाही हे त्यांना लगेच पटलं. मग त्यांनी हात पुढे करायला लावला, पंजावर एक कागद ठेवला आणि कागद किती हलतो ते बघितलं. हलला, पण जेमतेम. म्हणाल्या, "छान सुधारणा आहे. आता यांची कामं यांना करू द्या. जेवण, बटणं, दाढी, सगळं. तुम्ही करत राहिलात तर हात आळशी होईल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हीही थकला असाल." इतक्या मायेनं म्हणाल्या की मला रागसुद्धा करता आला नाही.

 तुम्ही म्हणाल, वहिनी, नवरा बरा होतोय, आनंद मान. मानतेच आहे हो. बटणं लावायला लागले तर मी हसत बाजूला होईन, मोजे तर आजच सोडले. पण दाढी गेली की मी पुन्हा मंगळवार म्हणणार आणि हे बुधवार म्हणणार, आणि पुन्हा सगळ्या मावश्या काठावर उभ्या. रोज सकाळी तेवढा वेळ मी या घरात पूर्ण बोलते. एवढंच माझं आहे. हे मी कोणाला सांगू? डॉक्टरीणबाईंना कसं सांगणार की आमचं दुखणं जरा हळू बरं करा?

इथेच थांबते. पाणी यायची वेळ झाली. तुमच्या यजमानांना नमस्कार, लेकीसुनांना आशीर्वाद, गुडघ्याला ऊन लावत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. मामंजींचा वस्तरा ज्याच्यावर परजायचे तो चामडी पट्टा तुमच्याकडे आहे. तुम्ही त्यानं गादी बांधता, मी बघितलंय. नातजावई तो मागायला फोन करेल. उंदरांनी खाल्ला म्हणून सांगा. एकदा का वस्तऱ्याला धार आली की तुमच्या दादांना पुन्हा हुरूप येईल, आणि मग ते कोणाला ऐकायचे नाहीत.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं. तुम्ही या. तो जड मुठीचा रेझर येईल त्या दिवशी तुम्ही इथे असायला हव्यात. तुमचे दादा साऱ्या जगात एका तुमच्या शब्दाला घाबरतात. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, "दादा, हात अजून थरथरतोय हो तुझा, वहिनीला करू दे." त्या थोरल्या दाढीवाल्यासमोर मला हे म्हणता येणार नाही, आणि तुम्ही म्हणालात तर त्यात कोणाला माझं काही दिसणार नाही.

शेवटचा ता. क. लिफाफा चिकटवला होता, तो परत उघडला. मघाशी बाहेरच्या खोलीत गेले तर तुमचे दादा खिडकीशी बसून चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होते. तीळसुद्धा मोठा वाटावा एवढासा तो स्क्रू! सुरीचं टोक उजव्या हातात, आणि हात कसा, तर भिंतीत ठोकल्यासारखा. स्क्रू बसला, पिळला, मग त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं.  आज सकाळच्या गडबडीत दाढी राहिली होती, म्हणून मी ऊन पाणी आणि वाटी घेऊन आले. वाटी बघताच त्यांचा हात असा काही थरथरायला लागला, वन्सं, की चष्मा खाली पडला. मी आधी त्यांच्या तोंडाला दाट फेस लावून घेतला आणि मग म्हटलं, "अहो, एवढा नाही हो थरथरत. थोडा कमी करा, लोकांना खरं वाटायला हवं." भुवया जागच्या हलल्या नाहीत. फक्त एक बुडबुडा आला.

तेव्हा आता दोघांनाही तुमची गरज आहे. मला खोटं बोलताना हसू येतं, आणि त्यांची सगळी नोकरी खोटं पकडण्यात गेली, करण्याचा सराव नाही. तुम्ही आधीच्या दिवशीच या, म्हणजे तालीम होईल. ते तिघं येत्या रविवारी सकाळी चहालाच येतो म्हणून सांगून गेलेत.